लाल रेघेवरचं पाणी

बेबीताईंना उडी मारायची होती. एकसष्ट वर्षांच्या बाईनं असं चारचौघांत म्हटलं की ऐकणारे आधी तिच्या तोंडाकडे पाहतात आणि मग काळजीनं तिच्या नवऱ्याकडे. सदाशिवरावांनी हे पाहणं दोन-तीनदा सोसलं, मग ते स्वतःहूनच खुलासा करायला लागले. "तसं काई नाई बाप्पा. टाक्यात मारायची हाय. पोहण्याच्या. फळीवरून." यावर लोकांची काळजी कमी व्हायची सोडून वाढायची.

टाकं म्हणजे दारव्ह्यातल्या नवचैतन्य जलतरण मंडळाचा तलाव. मंडळाचे दोनशे सभासद, त्यातले पोहणारे चाळीस, आणि सल्ला देणारे दोनशेही. खोल बाजूला सिमेंटचा उंच ओटा, त्याला शिडी, आणि ओट्यावरून पाण्यावर पुढे आलेली लाकडी फळी. सकाळ पुरुषांची, संध्याकाळ पोरांची, आणि दुपारी तीन ते चार बायकांची. एप्रिलात दारव्ह्यात दुपारी तीन वाजता कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दिवसातला जो तास कोणालाच नको होता तो मंडळानं स्त्रियांच्या उन्नतीसाठी मोकळ्या मनानं देऊन टाकला होता, आणि त्याबद्दल दरवर्षी आठ मार्चला स्वतःचं अभिनंदनही करून घेत होतं.

बेबीताई पाचवीत होत्या तेव्हा शाळेची वाट याच टाक्याच्या भिंतीजवळून जायची. भिंत उंच. आतलं काही दिसायचं नाही. फक्त मधूनच भिंतीच्या वर एखादा पोरगा हात पसरून हवेत दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. मग धप्प आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ फळीची थरथर. पोरगा कुठून आला ते दिसत नसे, कुठे गेला तेही दिसत नसे. बेबीताई दप्तर खाली ठेवून उभ्या राहायच्या आणि रोज शाळेला उशीर करायच्या. पोरींना टाक्यात जायची तेव्हा सोयच नव्हती. पुढे लग्न, सरकारी कचेरीतली चौतीस वर्षं, दोन मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, या सगळ्यात त्यांनी ती हौस कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण ती गेली नाही, एवढं खरं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बायकांच्या तासाला नाव घातलं आणि सोबतीला हुस्नाबीला ओढलं. हुस्नाबी म्हणजे दिग्रस रोडवर ट्रकच्या कमानींचं, म्हणजे स्प्रिंगांचं, दुकान असलेल्या अब्दुल गनीची बायको. बेबीताईंपेक्षा सात वर्षांनी लहान, आणि एकाच गल्लीत राहून वीस वर्षं दोघींची वाटी इकडून तिकडे जात-येत असलेली. सलवार-कमीज घालून, नाकातोंडात पाणी घेत, दोघी तीन उन्हाळ्यांत पोहायला शिकल्या. तू पण मारशील का गं उडी, असं विचारलं की हुस्नाबी ओठ मुडपायची. "मले काई नाई पडलं, ताई. तुमी एकट्या कशा जासान म्हनून येतो मी."

बायकांच्या तासाला टाक्यावर मथुराबाईंचं राज्य होतं. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू, आणि नियम मोडणारीला त्या बांबूनं पाण्यातच ढोसायची तयारी. खोल बाजू न थांबता चारदा पार केल्याशिवाय फळीवर चढायचं नाही, हा त्यांचा नियम. यंदाच्या एप्रिलात, एका सोमवारी, बेबीताईंनी खोल बाजू चारदा पार केली. चौथ्या खेपेला त्या पोहत होत्या की बुडत होत्या याबद्दल काठावर मतभेद होते, पण मथुराबाईंनी शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "झालं. उद्यापासून तुमी फळीवर चढू शकता." त्या संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं.  सदाशिवरावांनी पाणी पिऊन जेवण पूर्ण केलं.

मंगळवारी सकाळी पुरुषांच्या तासाला कोणीतरी फळीवरून उडी मारली आणि फळी मधोमध तडकली. दुपारी बेबीताई पोचल्या तेव्हा फळीला तार गुंडाळलेली होती आणि पुठ्ठा लटकत होता: फळी बंद आहे. हुकुमावरून. त्याच्या शेजारी दुसरा पुठ्ठा होता. गावात पाण्याची टंचाई असल्यामुळे यापुढे टाक्यात नवीन पाणी सोडलं जाणार नाही, आहे ते संपेस्तोवर वापरावं.

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी धावपळ यावरच आहे. टाकं कुठेतरी झिरपत होतं. कुठे, ते तीन समित्यांना सापडलं नव्हतं. झिरपणं आणि ऊन मिळून रोज दोन बोटं पाणी उतरायचं. खोल बाजूच्या भिंतीवर, ओट्याच्या डाव्या हाताला, हातभर लांबीची एक लाल रेघ होती. पाणी त्या रेघेच्या खाली गेलं की उडी बंद. बेबीताईंनी पाण्यात उतरून बोटांनी मोजलं. रेघेवर चाळीस बोटं पाणी होतं. म्हणजे वीस दिवस.

पुढच्या वर्षी मारा ना, असं म्हणणारे भेटलेच. पण पुढच्या वर्षी टाकं बुजवून तिथे लग्नाचं लॉन करायचं, ही गोष्ट मंडळात जवळजवळ ठरली होती. लग्नाला पाणी कमी लागतं. आणि बेबीताईंच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले होते की यंदा बरे आहेत, पुढचं पुढे पाहू. तेव्हा वीस दिवसांत, नाहीतर कधीच नाही.

चौतीस वर्षं कचेरीत काढलेली बाई अशा वेळी काय करेल? तिनं अर्ज केला. विषय, संदर्भ, सात मुद्दे, सोबत तडकलेल्या फळीचा नकाशा, आणि खाली चार जणांना प्रती. असा अर्ज की हातात घेणाऱ्यानं उभं राहावं. मंडळाचे चिटणीस नानाजी, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. "बेबीताई, मंडळाच्या इतिहासात असा अर्ज आला नाई."

इथेच घात झाला. बेबीताई नुसत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या असत्या, नानाजी, फळी तेवढी बदला, तर नानाजींनी संध्याकाळपर्यंत सुतार बोलावला असता. पण एवढ्या देखण्या अर्जाचा निकाल तोंडी लावणं म्हणजे त्या अर्जाचा अपमान. सात मुद्दे सात सभासदांकडे गेले. मुद्दा क्रमांक दोनमध्ये बेबीताईंनीच लिहिलं होतं की जुनी फळी रीतसर खारीज करण्यात यावी. त्यानुसार जुनी फळी काढून, तारेसकट, मंडळाच्या खोलीत ठेवण्यात आली. ती वहीतून खारीज झाल्याशिवाय नवी फळी येऊ शकत नाही, आणि खारीज करायला तीन सह्या लागतात. दोन झाल्या. तिसरे सभासद मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेले होते.

"त्यायच्या डोयाची पट्टी निघाली का सही झालीच समजा," नानाजी म्हणाले.

बेबीताई खुर्चीत बसून राहिल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. साहेब आले की सही झालीच समजा. चौतीस वर्षं त्यांनी ते टेबलाच्या त्या बाजूनं म्हटलं होतं, आवाजही न चढवता, आणि समोरचा माणूस पिशवी उचलून निघून जायचा. त्या माणसाला काय वाटत असेल असा विचार त्यांनी फारसा केला नव्हता. आज ते सगळं एकदम समजलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका कामाची फाईल सोडून दिली.

"नानाजी, फळी मी आणते, मीच बसवते. तुमी फक्त नाही म्हनू नका."

"मी नाही म्हटलंच नाई," नानाजी सावधपणे म्हणाले. "मी हो बी म्हटलं नाई." मंडळाच्या कारभारात याहून स्पष्ट परवानगी कोणाला मिळाली नव्हती. पण तोवर सहा दिवस गेले होते आणि बारा बोटं पाणी उतरलं होतं.

फळी आणायची म्हटल्यावर गल्ली कामाला लागली. एकानं लोखंडी पत्रा सुचवला. एप्रिलातल्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवला तर माणूस उडी मारणारच, त्याला शिकवायलाही नको, हा त्याचा मुद्दा होता. एकानं मोबाईलवर परदेशी फळीचं चित्र काढून दाखवलं. फार सुंदर होती, ऑगस्टात पोचणार होती. समोरच्या बाईंनी घरातल्या दिवाणाची फळी देऊ केली, तिच्यावर दुपारी त्यांचे सासरे झोपत असत हे त्या विसरल्या होत्या. आणि सगळ्यांत जास्त लागला तो तिसऱ्या घरातल्या काकांचा सल्ला. "फळी पायजे कायले? कठड्यावरूनच पडा ना पाण्यात. वल्लं व्हनं तर सारखंच हाय."

पडा! बेबीताई दोन दिवस त्यांच्या घरासमोरून गेल्या नाहीत.

"उडी मारून भेटते काय पन?" सदाशिवरावांनी चहा पिता पिता विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तूर, सोयाबीन आणि कपाशी केलेला माणूस, काही पेरलं तर काही भेटलं पाहिजे हा त्यांचा साधा हिशेब.

"काही भेटत नाही," बेबीताई म्हणाल्या. "आजवर केलं त्या सगळ्यातून काही ना काही भेटलं. हे एक तसं नको." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सदाशिवरावांनी बशी खाली ठेवली.

फळीचा पत्ता हुस्नाबीनं काढला. गनीभाईंच्या दुकानात जीपच्या कमानी बदलायला येणारे उत्तमसिंग, तांड्यावरचे शेतकरी. त्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं, आणि जुन्या माळ्याची सागवानी फळी गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. चार बोटं जाड, अकरा फूट लांब, वाळवीनं जिच्याकडे कधी पाहायची हिंमत केली नाही अशी. उत्तमसिंगांनी एका शब्दात देऊन टाकली. "याच्यावर माह्या आजीनं जवारीचे पोते ठेवले. आता तुमी उड्या मारा. लाकडाले काय, लोड संग मतलब." त्यांनी ती आपल्याच जीपच्या टपावर बांधली आणि दोघींना पुढे बसवलं.

परतीच्या वाटेवर वनखात्याचा नाका होता. नाक्यावरच्या गार्डनं टपावर पाहिलं, वासही घेतला असावा. "सागवान?"

"हो," बेबीताई म्हणाल्या. सरकारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"पास कुठी हाय?"

पास नव्हता. सागवानाच्या जिल्ह्यात राहून, तेही कचेरीत आयुष्य घालवून, सागाच्या लाकडाला पास लागतो हे बेबीताईंना ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त ते लाकूड नसून उडीची फळी आहे, या आनंदात त्यांना ते सुचलंच नव्हतं. गार्डनं छापील कागद काढला. "कायच्यासाठी नेऊन राह्यले?"

"उडी मारायला."

गार्डनं पेन थांबवलं. कागदावर चार पर्याय छापलेले होते: घरबांधणी, फर्निचर, शेतीची अवजारं, अंत्यविधी. त्यानं बेबीताईंच्या वयाचा अंदाज घेतला आणि चौथ्या पर्यायावर जरा जास्तच रेंगाळला. शेवटी बेबीताईंनी पेन हातातून घेऊन 'इतर' असं लिहिलं, पुढे स्वच्छ अक्षरात कारण लिहिलं. पण लाकूड जुन्या घरातलंच आहे असा सरपंचाचा दाखला हवा होता, तोवर फळी नाक्यावरच. सरपंच लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या लग्नाला गेले. एप्रिलात सरपंचाला गाठायचं तर पंगतीतच गाठावं लागतं, आणि चौथ्या दिवशी उत्तमसिंगांनी त्यांना तसंच, जिलेबी वाढली जात असताना गाठलं.

दाखला घेऊन सगळे नाक्यावर पोचले तेव्हा फळी दोन दगडांवर आडवी ठेवलेली होती आणि तिच्यावर चार जण ओळीनं बसून चहा पीत होते. कपांचे गोल डाग सगळीकडे उमटले होते. गार्ड उठला, पण नाराजीनं. "घेऊन जा. बसाले भल्ली चांगली होती बाई."

आणखी चौदा बोटं गेली होती. चाळीसातली चौदा उरली होती.

अब्दुल गनीनं फळी दुकानासमोर उतरवून घेतली, तिच्यावर चढून एकदा टाच आपटली आणि मान हलवली. "ताई, लाकूड एक नंबर. पन हे वाकत नाई. यावरून उडी माराल तर धोंड्यावरून मारल्यासारखं. मंधात लचक पायजे ना." मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. ट्रकच्या मोडक्या कमानीतले पाटे समोर ढिगानं पडले होते. पोलादाचे वाकडे पाटे, एकावर एक ठेवून आवळले की ट्रक पेलतात. "फळीच्या खाली मागून पाट्यायचा सेट लावतो. जसा लोड तसे पाटे. फेकते मंग कशी पाहा." त्यानं कानामागचा खडू काढला आणि ज्या सुरात तो गेली तीस वर्षं ट्रकवाल्यांना विचारत आला त्याच सुरात विचारलं, "लोड किती हाय?"

"कसला लोड?"

"तुमचं वजन, ताई."

दुकानासमोरच्या खाटेवर तीन ड्रायव्हर बसले होते. तिघांनीही चहा थांबवला. बेबीताईंनी आवाज शक्य तितका सहज ठेवला. "पंचावन्न."

हुस्नाबी आभाळाकडे पाहायला लागली. मागच्याच महिन्यात दवाखान्यात दोघी पाठोपाठ काट्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि काटा बेबीताईंच्या खाली बहात्तरपर्यंत गेलेला तिनं पाहिला होता. गनीनं फळीवर खडूनं ५५ लिहिलं. चौतीस वर्षांत एका कागदावर चुकीचा आकडा जाऊ न दिलेल्या बाईची ती पहिली खोटी नोंद. घरी जाताना त्यांना तीनदा वाटलं, परत जाऊन खरं सांगावं. पण ते तीन ड्रायव्हर अजून तिथेच असणार होते.

गनीभाईंना तेवढंच काम नव्हतं. तुरीचे ट्रक कमानी तोडून दारात येत होते आणि ट्रकवाल्याचा धंदा बुडतो तेव्हा उडी मागे राहते. बेबीताई रोज टाक्यात उतरून बोटं मोजायच्या. दहा. आठ. सहा. चार. टाक्यात पोहणाऱ्या बाकीच्या बायकाही आता आल्या आल्या आधी रेघेकडे पाहायच्या आणि मग पाण्यात उतरायच्या. दोन बोटं राहिली त्या दिवशी बेबीताई पोहल्याच नाहीत. काठावर पाय सोडून बसल्या, रिकाम्या ओट्याकडे पाहत. पाचवीतल्या पोरीला काही माहीत नव्हतं, म्हणून ती बरी होती, असं त्यांना वाटलं. आपल्याला पोहता येतं, परवानगी आहे, फळी तयार होते आहे आणि पाणी जातं आहे. इतकं जवळ आलेलं हातचं जाणं त्यांना सोसवेना. त्या रडल्या. ओल्या तोंडानं रडण्याची सोय टाक्यात उत्तम असते, कोणाला कळत नाही. हुस्नाबीला कळलं. ती शेजारी येऊन बसली आणि तिनंही ओट्याकडेच पाहत म्हटलं, "बसते ना फळी. कायले रडता. मी आज यायले जेवाले देत नाई, पाहा."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता गनी हातगाडीवरून फळी घेऊन टाक्यावर हजर झाला. उपाशी होता की नाही ते त्यानं सांगितलं नाही. घामानं न्हाऊन त्यानं सगळं बोल्टांनी आवळलं. आवळून होतं न होतं तोच तीन वाजले. "मी एकदा टेस्ट घेतो," असं तो म्हणेपर्यंत मथुराबाईंनी शिट्टी वाजवली. बायकांचा तास सुरू. पुरुष बाहेर. गनी हत्यारांची थैली तशीच टाकून गेटाबाहेर गेला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

मथुराबाईंनी बांबू पाण्यात धरून रेघ पाहिली. पाणी रेघेच्या वरच्या कडेला टेकलं होतं. "आजचा दिवस," त्या म्हणाल्या. "चार वाजेपर्यंत. अन् दर उडीनंतर मी रेघ पाहीन. खाली गेलं का बंद."

बेबीताई शिडी चढल्या. फळीवर पाय ठेवला. अकरा-बारा बायका काठाला उभ्या. दोन पावलं, तीन पावलं, फळीचं टोक. आणि त्या टोकाला पोचल्या तशी फळी खाली जायला लागली. थरथर नाही, फेकणं नाही, काही नाही. सावकाश, मोठ्या अदबीनं, ती बेबीताईंना घेऊन पाण्याकडे वाकत गेली. बेबीताईंनी हात पसरले होते ते तसेच राहिले. फळीचा उतार झाला, पाय घसरले, आणि पन्नास वर्षं वाट पाहिलेली बाई घसरगुंडीवरून उतरल्यासारखी बसल्या बसल्या पाण्यात गेली. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय झालं?" भिंतीबाहेरून गनीचा आवाज आला. "उडाल्या का?"

"बुडाल्या," मथुराबाई ओरडल्या. "तुही फळी वाकून राह्यली!"

 मग गनीनं शक्य तितक्या अदबीनं विचारलं, "ताई, लोड बराबर सांगतला होता ना?"

बेबीताई पाण्यातून बाहेर आल्या. नाकातून पाणी गळत होतं, कमीज अंगाला चिकटली होती, काठाला सगळा बायकांचा तास उभा होता आणि भिंतीपलीकडे रस्ता होता, त्यावर माणसं होती. पाणी रेघेला टेकलेलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बहात्तर!" त्या ओरडल्या. "गनीभाई, बहात्तर किलो!"

"मले डाऊट होताच," गनी बाहेरून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "ट्रकवाले बी असंच करतात ताई, नऊ टन सांगतात अन् सोळा टन भरतात. हुस्ना! थैलीत एक पाटा जास्तीचा ठेवला हाय. मोठा पाना काढ!"

मग जे झालं ते मंडळाच्या नियमावलीत बसणारं नव्हतं. गनी भिंतीबाहेरून ओरडत होता आणि आत ओल्या सलवारीतल्या बायका ओट्यावर ओणव्या होऊन बोल्ट खोलत होत्या. "उलटा फिरव! उलटा म्हंजे माह्याकडून उलटा!" हुस्नाबीनं पाना दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला तेव्हा पहिला नट सुटला. कोणाचं बोट चेपलं, कोणाची बांगडी फुटली. पोलादी पाटा इतका तापला होता की तो ओढण्यांत गुंडाळून उचलावा लागला. मथुराबाईंनी दहा मिनिटं नियम म्हणून विरोध केला, आणि मग त्यांनी बांबू खाली ठेवून फळीचं टोक खांद्यावर तोलून धरलं. शेवटचा नट हुस्नाबीनं आवळला. तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

बेबीताई पुन्हा चढल्या. आता त्यांना लाज नव्हती, भीती नव्हती, गुडघे होते की नाही तेही आठवत नव्हतं. त्या धावल्या. फळी दबली, आणि मग तिनं त्यांना फेकलं. बहात्तर किलो वर गेले. वर काही नव्हतं. पाय कशावर नव्हते, हात कशात नव्हते, कोणाचं काही द्यायचं-करायचं राहिलेलं नव्हतं. एवढं हलकं असतं हे, असं त्यांना वाटलं. पुरतं वाटूनही झालं नाही तोच त्या पोटावर पाण्यात आपटल्या. आवाज बाहेर रस्त्यावर गेला आणि गनी उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

त्या वर आल्या त्या हसत, खोकत, आणि पहिला शब्द निघाला तो, "अजून." भेटलं होतं, पण समाधान कुठलं, भूक वाढली होती. त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि टाक्याच्या भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. उसळलेलं पाणी चारी कडांवर उडून फरशीवर वाहत होतं. एका उडीनं पातळी उतरत नाही असं शास्त्र म्हणत असेल. लाटा थांबल्या तेव्हा सगळी रेघ पाण्याच्या वर होती. बोटभर, पण वर.

मथुराबाई बांबू घेऊन निघाल्या होत्या. बेबीताईंनी वर पाहिलं, आता संपलं हे सांगायला, आणि सांगायचं राहून गेलं. हुस्नाबी ओट्यावर उभी होती. तिला कोणी चढ म्हटलं नव्हतं. तिनं ओढणी कमरेला बांधली होती आणि पायाची बोटं फळीच्या कडेला लावली होती. तिच्या तोंडावर जे होतं ते बेबीताईंनी झटकन ओळखलं. ते आपलं एकटीचंच आहे असं त्या आजवर समजत होत्या. तीन उन्हाळे ही बाई आपल्या सोबतीला येत होती, आणि आपण तिचं खरं मानत आलो. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बेबीताईंनी दोन हात मारले आणि भिंतीला पाठ लावली. नेमकी रेघेवर. दोन्ही हात पसरून त्यांनी वरची कड धरली.

"सरका ताई," मथुराबाई म्हणाल्या. "रेघ पाहू द्या."

"दम घेऊ द्या मथुराबाई. थकले मी."

"पानी हाय का रेघेवर?"

बेबीताईंनी पाठ भिंतीला आणखी दाबली. "हाय," त्या ठणकावून म्हणाल्या. "चांगलं दोन बोटं हाय."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या हुस्नाबीकडे पाहिलं. बांबू हळूच खाली टेकवला आणि शिट्टी तोंडाजवळ नेली.

"आता कोन हाय?" भिंतीपलीकडून गनी विचारत होता. "आता कोन मारून राह्यलं?"

हुस्नाबीनं भिंतीच्या दिशेनं एकदा पाहिलं, कमरेची गाठ घट्ट केली आणि धावली.